बदकं कुठे जातात?

पार्सल पोचायला सतरा दिवस लागले. पुण्याहून ५६ एपीओ आणि तिथून आमच्यापर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या मानाने लवकरच आलं म्हणायचं. आत शेंगदाण्याची चटणी, घरी विणलेले मोजे आणि एक पुस्तक. चिठ्ठी नव्हती. माझी लेक सोळा वर्षांची आहे, अकरावीत. बापाला चिठ्ठी लिहिण्याचं वय तिच्या मते केव्हाच संपलं.

आम्ही सध्या पूर्व लडाखमध्ये आहोत, एका सरोवराच्या काठापासून जवळ. नाव आणि उंची लिहीत नाही, नेहमीच्या वाचकांना कारण माहीत आहे. सरोवर गोठलेलं आहे. संध्याकाळी पाचनंतर बाहेर काम असेल तरच जायचं, एरवी बुखारीजवळ बसायचं. रॉकेलचा वास कपड्यांत, अंथरुणात आणि माझा सहायक कितीही नाकारो, चहातसुद्धा असतो. अशा संध्याकाळी पुस्तक आलं की आधी कोणाला हवं याची यादी लागते. हे मात्र मी कोणाला दिलं नाही.

पुस्तक होतं 'द कॅचर इन द राय'. जे. डी. सॅलिंजर, १९५१.

मी ते एकदा वाचलेलं होतं. खडकवासल्याला, तिसऱ्या टर्ममध्ये. कोर्समेटने दिलं ते "शिव्या आहेत, वाच" एवढ्याच शिफारशीवर. लाइट्स आउट झाल्यावर ब्लँकेटखाली टॉर्च लावून दोन रात्रींत संपवलं. दुसरी रात्र क्रॉसकंट्रीच्या आदल्या दिवशीची होती, आणि त्या क्रॉसकंट्रीत माझा नंबर कितवा आला हे विचारू नका. माझं मत तेव्हा अगदी पक्कं होतं: हा पोरगा रडका आहे. बाप मोठा वकील, न्यूयॉर्कमध्ये घर, महागडी बोर्डिंग शाळा, आणि तरी दोनशे पानं कुरकुर. आम्ही त्याच वयाचे, आणि पहाटे काँक्रीटवर फ्रंट रोल मारत होतो. ह्याला दोन दिवस आमच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवा, असं मी पुस्तक परत देताना म्हणालो होतो. कोर्समेट हसला होता.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. होल्डन कॉलफील्ड, वय सोळा. ही त्याची चौथी शाळा, पेन्सिल्व्हेनियातली, आणि तिथूनही काढून टाकलंय. पाचपैकी चार विषयांत नापास, इंग्रजी तेवढं सुटलं. तलवारबाजीच्या टीमचा मॅनेजर, तर सगळ्या तलवारी भुयारी रेल्वेत विसरून आला. नाताळची सुट्टी बुधवारी लागणार, पण शनिवारी रात्रीच रूममेटचा मार खाऊन तो बॅग उचलतो आणि घरी न सांगता न्यूयॉर्कमध्ये भटकतो. हॉटेल, बार, बाग, स्टेशनवरचा बाक. भेटेल त्याला तो 'फोनी' म्हणतो. मराठीत ढोंगी म्हणता येईल, पण त्यात नाटकीपणाही आहे. सोमवारी गोष्ट संपते. ती तो सांगतोय पुढच्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा विश्रांतीच्या ठिकाणाहून. मनाच्या दुखण्यावर उपचार चालू आहेत हे आपण ओळखायचं. जॉन लेननच्या मारेकऱ्याकडे १९८० साली हे पुस्तक सापडलं म्हणून बऱ्याच जणांनी नुसतं नाव ऐकलेलं असतं. ते सोडून देऊ.

आपल्यासारख्यांना हसू येईल अशी एक गोष्ट पुस्तकात आहे. होल्डन धाकट्या बहिणीला सांगतो की बाबा फार तर ओरडतील आणि मला त्या मिलिटरी स्कूलमध्ये टाकतील. त्याच्या डोळ्यांपुढची सगळ्यात वाईट शिक्षा म्हणजे आपण. आणि गंमत अशी की ज्याने हे लिहिलं तो स्वतः तिथूनच आलेला. सॅलिंजरला न्यूयॉर्कच्या शाळेतून कमी गुणांसाठी काढलं, तेव्हा घरच्यांनी त्याला पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज मिलिटरी अकॅडमीत घातलं. १९३४ ते १९३६. युनिफॉर्म, ड्रिल, बिगुल, सगळं. तो तिथे टिकला, वार्षिकांकाचा साहित्य संपादक झाला आणि पास होऊन बाहेर पडला. हे मला पहिल्या वाचनात माहीत नव्हतं. माहीत असतं तर 'दोन दिवस पाठवा' म्हणताना जीभ अडखळली असती.

पुढचंही माहीत नव्हतं. १९४२ साली तो सैन्यात भरती झाला. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत युटा बीचवर उतरला. चौथी इन्फन्ट्री डिव्हिजन, बारावी रेजिमेंट. त्याला फ्रेंच आणि जर्मन येत असे, म्हणून काम काउंटर इंटेलिजन्सचं, कैद्यांची आणि गावकऱ्यांची चौकशी करण्याचं. तरी राहायचं रेजिमेंटबरोबरच, आणि त्या रेजिमेंटने नॉर्मंडीनंतर हुर्टगेनचं जंगल पाहिलं, लगेच बल्जची लढाई पाहिली. ज्यांनी सैनिकी इतिहास अभ्यासलाय त्यांना हुर्टगेन म्हणजे काय ते सांगायला नको: थंडी, चिखल, झाडांच्या शेंड्यांवर फुटणारे गोळे. १९४५ च्या वसंतात डाखाऊच्या एका उपछावणीत तो पोचला. त्याच्या मुलीने पुढे लिहिलंय की जळलेल्या माणसांचा वास नाकातून कधीच पूर्ण जात नाही असं वडिलांनी तिला सांगितलं होतं. युद्ध संपलं, आणि त्या उन्हाळ्यात तो न्यूरेंबर्गच्या हॉस्पिटलात भरती झाला. अंगावर जखम नव्हती. तिथून त्याने हेमिंग्वेला पत्र लिहिलं, बरंचसं विनोदी.

या सगळ्या काळात होल्डन त्याच्याबरोबर होता. होल्डनवर लिहिलेल्या कथांचे कागद तो युद्धात बरोबर वागवत होता असं त्याचे चरित्रकार सांगतात. आणि हे तर मला फारच विलक्षण वाटलं: जुलै १९४४ मध्ये, म्हणजे तो नॉर्मंडीत लढत असताना, अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात त्याची कथा छापून आली. शेवटच्या रजेवर घरी आलेल्या सैनिकाची. त्यात होल्डनचा मोठा भाऊ आपल्या मित्राला सांगतो की होल्डन युद्धात बेपत्ता आहे.

म्हणजे सॅलिंजरने त्याला आधी रणांगणावर हरवला. मग सात वर्षांनी कादंबरी आली, तीत तो सोळाचा आहे, युद्ध आजूबाजूला कुठेच नाही, आणि तरी हा मुलगा असा वागतो जणू कुठून तरी परत आलाय आणि कोणाला सांगता येत नाही. मी समीक्षक नाही. पण युनिटमध्ये परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. बारीकसारीक गोष्टींवर चिडणं, झोप नसणं, मध्यरात्री ओळखीपाळखीच्यांना फोन करावासा वाटणं, आणि समोरच्याने "काय झालं?" विचारलं की बदकांबद्दल बोलणं. बदकांकडे येतो.

आता पेन्सिलीची खूण. पुस्तकाच्या मध्यावर होल्डन त्याच्या मोठ्या भावाबद्दल, डी. बी.बद्दल सांगतो. चार वर्षं सैन्यात होता, डी-डेला उतरला होता, जखमी झाला नाही, कोणावर गोळी झाडावी लागली नाही, एका जनरलला गाडीतून फिरवायचा. आणि रजेवर घरी आला की नुसता पलंगावर पडून असायचा. दिवाणखान्यातसुद्धा क्वचित यायचा. या दोन वाक्यांशेजारी समासात उभी रेघ होती आणि लेकीच्या बारीक अक्षरात एकच शब्द: "बाबा?"

मी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन संत्री बदली होताना पाहिली. त्या वेळी मी तिथे असण्याची काही गरज नव्हती.

रजेवर गेलो की पहिले तीन-चार दिवस मी पलंगावर असतो. झोपलेला असतो असं नाही. पंख्याकडे बघत असतो. बायको शेजारणींना सांगते, प्रवासाचा शीण आहे. लेक लहान होती तेव्हा दाराशी येऊन उभी राहायची. मग यायची बंद झाली. मग मला वाटलं की तिला सवय झाली. दोन वर्षांपूर्वीच्या रजेत तर सात दिवस गेले. त्या वर्षी काय झालं होतं ते माझ्या युनिटच्या लोकांना माहीत आहे, इथे नको. घरी मी सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे घराला जपणं, असा माझा समज. आपल्यापैकी बहुतेकांचा असतो.

संध्याकाळी इथे अर्धा तास मोबाईलला रेंज मिळते. मी फोन केला.

"पार्सल मिळालं."

"चटणी खाल्लीस का? आजीने तिखट केलीय."

"खाल्ली. पुस्तकही वाचतोय."

"ते पान दिसलं?"

"दिसलं."

"मग?"

"मग काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.

पुढचे दोन दिवस मी पुस्तकाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी मला ते दिसलं जे अठराव्या वर्षी डोळ्यांपुढून सरळ निघून गेलं होतं. होल्डनचा एक भाऊ मेलेला आहे.

ॲली. होल्डनपेक्षा दोन वर्षांनी धाकटा, तांबड्या केसांचा, रक्ताच्या कर्करोगाने गेला. १८ जुलै १९४६, तारीख दिलेली आहे. या पुस्तकात तारखा फारशा नाहीत, ही आहे. होल्डन तेव्हा तेरा वर्षांचा. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि सगळ्या काचा मुठीने फोडल्या. हात मोडला. हॉस्पिटलात होता, म्हणून भावाला मातीआड करताना तो तिथे नव्हता. ती मूठ नंतर कधीच नीट मिटली नाही, पाऊस असला की दुखते. हे सगळं तो एका परिच्छेदात सांगून पुढे जातो, म्हणून अठराव्या वर्षी मीही पुढे गेलो. ज्यांनी 'कोसला' वाचलीय त्यांना इथे मनी आठवेल. पांडुरंग सांगवीकरही जगाची टिंगल करत असतो आणि मध्येच धाकटी बहीण जाते, आणि त्यानंतर त्याची टिंगल वाचताना आपण हसायचं थांबतो.

ॲलीकडे बेसबॉलचा एक ग्लोव्ह होता. त्यावर, बोटांवर, तळव्यावर, त्याने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. मैदानात आपल्या बाजूला काही घडत नसलं की वाचायला. होल्डन तो ग्लोव्ह प्रत्येक शाळेत बॅगेतून घेऊन जातो. शनिवारी रात्री रूममेट त्याला सांगतो, माझ्यासाठी एक निबंध लिहून दे, खोलीचं किंवा घराचं वर्णन कर. होल्डनला खोलीचं वर्णन सुचत नाही. तो ग्लोव्हवर लिहितो. रूममेट परत येतो, वाचतो आणि भडकतो: विषय काय दिला होता आणि हे काय लिहिलंस? होल्डन कागद घेतो आणि फाडून टाकतो.

इथे माझं वाचन थांबायला पाहिजे होतं, पण खरं सांगायचं तर इथेही मला काही आठवलं नाही. माणूस स्वतःच्या बाबतीत किती बेमालूम आंधळा असू शकतो. आठवलं आणखी साठेक पानांनी. होल्डन हॉटेलच्या खोलीत एकटा, बाहेर उजाडायला लागलंय, आणि तो मोठ्याने ॲलीशी बोलायला लागतो. घरी जाऊन सायकल घेऊन ये आणि मित्राच्या घरासमोर भेट, असं मेलेल्या भावाला सांगतो. कारण एकदा मित्राबरोबर सायकलवर जाताना त्याने ॲलीला बरोबर नेलं नव्हतं. फार खचला की तो हेच बोलतो.

सायकल वाचलं आणि माझ्या मानेवर घाम आला. बाहेर उणे वीस.

काही वर्षांपूर्वी मी एका प्रशिक्षण संस्थेत डिव्हिजनल ऑफिसर होतो. चाळीसेक कॅडेट माझ्याकडे. त्यांतला एक उत्तरेकडच्या लहानशा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. पहिली टर्म उत्तम. दुसऱ्या टर्ममध्ये घसरला. उशिरा येणं, खोटं बोलणं, वर्गात झोपणं, सिनिअरशी उद्धट बोलणं. एका रात्री एक वाजता गार्डने त्याला सायकल स्टँडवर पकडला. सायकल उलटी ठेवून तो नुसतं पेडल फिरवत बसला होता. मी सकाळी विचारलं, इथे काय करत होतास? उत्तर नाही. म्हटलं, लेखी स्पष्टीकरण दे.

त्याने तीन पानं लिहून आणली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. वेळेबद्दल, नियमाबद्दल एक अक्षर नाही. सगळं त्याच्या मोठ्या भावाच्या सायकलबद्दल. गावापासून क्लास अकरा किलोमीटर. भाऊ सायकल चालवायचा, हा मागे. चेन जुनी, दर फेरीत दोनदा उतरायची. हात काळे झाले तर वही खराब होईल म्हणून भाऊ कडुलिंबाच्या काडीने चेन चढवायचा. काडी सांभाळायचं काम मागे बसणाऱ्याचं. काडी हरवली तर उतरून दुसरी तोडून आणायची. काडी किती जाड हवी, ओली हवी की सुकी, हेसुद्धा लिहिलं होतं.

मी लाल पेनने खाली लिहिलं: विषयाला धरून नाही, पुन्हा लिहा.

संध्याकाळी तो दोन ओळी घेऊन आला. चूक माझी आहे, पुन्हा होणार नाही, सर. व्यवस्थित अक्षर, व्यवस्थित समास. मी खूश झालो. सात दिवसांची रिस्ट्रिक्शन दिली आणि फाईल बंद केली. आधीच्या तीन पानांचं त्याने काय केलं माहीत नाही. परत त्यालाच दिली होती.

दोन महिन्यांनी त्याने स्वतःहून सोडण्याचा अर्ज दिला. मी त्याला समोर बसवून अर्धा तास समजावलं. अर्धा तास मीच बोलत होतो. करिअर, देश, आईबापांची स्वप्नं, आयुष्य हा एक संघर्ष आहे वगैरे. 'कॅचर'मध्ये स्पेन्सर नावाचे म्हातारे मास्तर आहेत, होल्डनला नापास केल्यावर घरी बोलावून त्याचाच पेपर त्याला मोठ्याने वाचून दाखवतात. भला माणूस. होल्डनने पेपरच्या तळाशी लिहिलेलं असतं की मला नापास केलंत तरी चालेल. म्हणजे मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून मुलगा काळजी घेतोय, आणि मास्तर ते वाचून दाखवतायत. माझा कॅडेटही जाताना मला "थँक यू सर, तुम्ही वेळ दिलात" म्हणाला होता. मी शेरा मारला, 'मोटिव्हेशन कमी'. सकाळच्या गाडीने तो काळी ट्रंक घेऊन गेला.

त्याचे कागद पूर्ण करताना एक ओळ मी पाहिली होती. पहिल्या टर्मच्या शेवटी सात दिवसांची रजा, कारण मोठ्या भावाचं अपघाती निधन. ट्रॅक्टर-ट्रॉली. क्लार्कने सांगितलं होतं की मुलगा पोचला तेव्हा तिसरा दिवस होता, सगळं उरकलं होतं. मी ते ऐकलं, सही केली, आणि तीन पानांशी त्याचा संबंध जोडला नाही. रजा वेळेत मंजूर झाली होती ना? झाली होती. माझ्या बाजूने काम पूर्ण.

कादंबरीच्या नावातला 'कॅचर' म्हणजे झेलणारा. फीबी, दहा वर्षांची बहीण, होल्डनला विचारते की तुला व्हायचंय तरी काय. तो म्हणतो की रायच्या शेतात, म्हणजे गव्हासारख्या उंच धान्यात, खूप मुलं खेळतायत, शेताला कडा आहे, आणि कड्यावरून पडणाऱ्या प्रत्येक मुलाला झेलायचं, दिवसभर हेच काम. डिव्हिजनल ऑफिसरचं काम वेगळं काय असतं? फक्त होल्डनचं ते स्वप्न अख्खं एका चुकीच्या ऐकण्यावर उभं आहे. बर्न्सच्या कवितेतला शब्द त्याने चुकीचा धरलाय, आणि बहीण तिथल्या तिथे सांगते.

आणि शेवटी तो कोणालाच झेलत नाही. फीबी सुटकेस भरून येते, मीही तुझ्याबरोबर पळून येणार म्हणते. तो तिला लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर बसवतो. मुलं फिरता फिरता सोनेरी कडी पकडायला वाकतात, पडतील अशी भीती त्याला वाटते, आणि तो काही बोलत नाही. कडी पकडायची असेल तर पकडू द्यावी, पडली तर पडली, असं ठरवतो. पाऊस येतो. बाकीचे आडोशाला पळतात, तो भिजत बाकावर बसून बहिणीला फिरताना बघतो आणि जवळजवळ रडण्याइतका खूश असतो. अठराव्या वर्षी हे प्रकरण मी पानं उलटत संपवलं होतं. आता ते तीनदा वाचलं. होल्डन मोठा झाला असेल तर तो त्या बाकावर, एवढं मला नक्की वाटतं. मी चाळिशी ओलांडली तरी अजून तिथे पोचलो आहे की नाही, खात्री नाही.

बदकं. सेंट्रल पार्कच्या तळ्यात बदकं असतात, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की ती कुठे जातात हा होल्डनचा प्रश्न. दोन टॅक्सीवाल्यांना विचारतो. एक त्याला वेडा समजतो, दुसरा माशांबद्दल भांडतो. आमच्या सरोवरावर उन्हाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस असतात, पट्टकादंब, आणि नारिंगी रंगाची चक्रवाक बदकं. अंडी इथेच घालतात. आता बर्फावर काहीच नाही. आमच्याबरोबर काम करणारा इथल्या गावचा एक म्हातारा पोर्टर आहे, त्याला मी विचारलं. तो माझ्याकडे असा पाहू लागला की हे साहेबांनी मला विचारावं?

"तुमच्याच मुलखात जातात की, साहेब."

खरंच आहे. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकादंब दोन्ही उतरतात. अगदी आमच्याच सरोवरावरचे असतील असं नाही, पण जात तीच. हिमालय ओलांडून जातात. मी फोनवर लेकीला हे सांगितलं, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग त्याच अर्ध्या तासात मी तिला कॅडेटची गोष्ट सांगितली. का ते सांगता येणार नाही. पलंगाबद्दल विचारलं होतं तिने, त्याचं उत्तर तसंच राहिलं होतं, त्याऐवजी हे बाहेर आलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. रेंज गेली असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "काडी ओली हवी की सुकी?"

मला आठवेना.

फेब्रुवारीत रजा मिळाली. पहिले दोन दिवस मी पलंगावर होतो, खोटं कशाला बोलू. पण दार उघडं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन येऊन पायथ्याशी बसली. दोन वर्षांपूर्वीचं जे सांगायचं होतं त्यातलं थोडं सांगितलं. सगळं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही तिघं गाडीने निघालो आणि उजाडता उजाडता कुंभारगावला पोचलो. होडीवाल्याने वल्हं थांबवलं. चक्रवाकांची एक लांब रांग पाण्यावर होती, उन्हात विटेच्या रंगाची. पट्टकादंब पलीकडच्या काठावर चरत होते. लेकीने दुर्बीण खाली न घेता सांगितलं, "बारावी झाली की मी एनडीएचा फॉर्म भरणार आहे."

मुलींना खडकवासल्यात २०२२ पासून प्रवेश आहे, मी स्वतः चार लोकांत कौतुकाने हे सांगत असतो. तरी तोंडात निदान दहा वाक्यं तयार झाली. बायको माझ्याकडे बघत होती.

"थर्मास दे," मी म्हणालो.

लेकीने दिला. थोड्या वेळाने विचारलं, "त्याचा पत्ता आहे तुझ्याकडे?"

"गावाचा आहे. जुना."

घरी आल्यावर मी त्याला पत्र लिहिलं. माफीपासून सुरुवात केली, ते फाडलं. दुसऱ्यांदा काडीपासून सुरुवात केली आणि विचारलं की ओली की सुकी, मी विसरलो. मग भिगवणची बदकं, लडाखचा बर्फ, माझी मुलगी, असं बरंच आलं. तीन पानं झाली. सोमवारी स्पीड पोस्टने टाकलं आणि दोन दिवसांनी मी चंदीगडची गाडी पकडली.

सरोवराच्या कडांना आता पाणी सुटायला लागलंय. उत्तर अजून आलेलं नाही. डाक आठवड्यातून एकदा येते, परवा यायला हवी.